मामांची लाल खूण

मामांच्या मते जगातल्या सगळ्या पंचांच्या काठ्या झिजलेल्या होत्या.

व्हॉलीबॉलचा सामना सुरू होण्याआधी पंच मापाची काठी घेऊन येत, नेटच्या मधोमध उभी धरत आणि म्हणत, "जास्त आहे. खाली घ्या." मामा म्हणजे कॉलेजच्या क्रीडागृहाचे राखणदार, सुतार, रंगारी आणि वेळ पडली तर डॉक्टरही. ते खांबाचा दांडा फिरवून नेट खाली घेत आणि परतताना संघ सांभाळणाऱ्या मॅडमच्या खुर्चीजवळ थांबून पुटपुटत, "घासून घासून काठी आखूड झालीय. पण ह्या लोकांना सांगणार कोण?" सामना संपला की नेट पुन्हा वर, खांबावरच्या लाल खुणेपर्यंत. ती खूण मामांनी स्वतः काढलेली. दर सुट्टीत ते तिच्यावर रंगाचा नवा हात फिरवत. अकरा वर्षांत ती तसूभरही हलली नव्हती, आणि हे ते भेटेल त्याला सांगत.

मॅडमच्या डोळ्यांदेखत हे पाच वेळा घडलं होतं. पाचही वेळा त्या खेळाडूंच्या यादीत मान घालून बसल्या होत्या.

मॅडम पदार्थविज्ञान शिकवत. मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली ती अशीच. आधीचे प्रशिक्षक नोकरी सोडून गेले, बैठकीत प्रत्येकाने आपापली अडचण सांगितली, आणि मॅडम आपली अडचण नीट शब्दांत मांडेपर्यंत ठराव मंजूर झाला होता. विद्यार्थिनी असताना त्या दोन वर्षं हा खेळ खेळल्या होत्या, त्यातला बहुतेक वेळ बाकावर बसून. खेळातलं जे शिकवता येत नव्हतं ते त्यांनी मोजायला घेतलं. आपल्या मुलींनी मारलेला प्रत्येक स्मॅश कुठे पडला, त्याचा ठिपका त्या आलेखाच्या कागदावर देत. सात महिन्यांत बारा सामन्यांचे ठिपके जमले, आणि ते जवळजवळ सगळे समोरच्या बाजूच्या शेवटच्या रेषेला माश्यांसारखे चिकटले होते. निम्मे आत, निम्मे बाहेर. आत पडलेले चेंडू समोरच्या मुली आरामात उचलत. बाहेर पडलेल्यांचा गुण त्यांना आयताच मिळे. मैदानाचा मधला भाग कोरा करकरीत. असं का, हे मॅडमना काही केल्या उमगत नव्हतं. मुली उंच उडत होत्या. अंगात जोर होता. बारा सामन्यांत जिंकला होता एक.

मग कालवा फुटला.

कॉलेजच्या मागून जाणाऱ्या कालव्याचा बांध खचला आणि दोन दिवस क्रीडागृहात गुडघाभर पाणी राहिलं. ओसरल्यावर मामांनी दार ढकललं तर उघडेना. आतली लाकडी जमीन फुगून दाराला आडवी आली होती. मॅडमनी खिडकीच्या काचेला नाक लावून पाहिलं. पट्ट्या एकमेकींना रेटून जागोजाग वर उठल्या होत्या. एका टोकाला चेंडू सोडला असता तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याला सात टेकड्या ओलांडाव्या लागल्या असत्या. मामा खिडकीतून आत उतरले, दोन्ही खांब खोलून एकेक करून बाहेर दिले आणि फडकं घेऊन बसले. आधी त्यांनी लाल खूण पुसली, मग बाकीचा खांब.

प्राचार्य काही वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कटकट नको असे.

"पूर आला, त्याला कोण काय करणार?" ते म्हणाले. "लीगला कळवून टाका, आमच्याकडे मैदान नाही."

"मग घरचे उरलेले दोन्ही सामने समोरच्यांना बहाल होतील, सर. आपण तळालाच राहू. तळाचा संघ खालच्या गटात जातो."

"जाऊ दे की."

"संघ खाली गेला तर तो बंद करायचा आणि क्रीडागृहाचं परीक्षागृह करायचं, असं संस्थेचं पत्र आहे. तुमच्या टेबलावर, पेपरवेटखाली."

प्राचार्यांनी पेपरवेट उचलून पाहिला. पत्र होतं. "पण मॅडम, तुम्हाला तर हे काम नकोच होतं ना?"

मॅडमना बूट आठवले. मुलींच्या सरावाचे बूट पूर ओसरल्याच्या दिवसापासून प्रयोगशाळेच्या खिडकीत ओळीने वाळत होते. नऊ जोड. प्रत्येक जोड कुणाचा, हे त्यांना नुसत्या टाचेच्या झिजेवरून सांगता आलं असतं.

"नको होतं," त्या म्हणाल्या. "आता हवंय."

लीगचं म्हणणं साधं होतं. बुधवारी दुपारी बारापर्यंत दुसरं मैदान तपासणीला तयार ठेवा. आखलेलं मैदान अठरा मीटर बाय नऊ, चहूबाजूंनी तीन-तीन मीटर मोकळी जागा, आणि डोक्यावर सात मीटरपर्यंत काहीही नको. ते जमलं तर शनिवारी आणि रविवारी सामने खेळा. त्यांतला एक जरी जिंकला तरी कॉलेज तळातून वर येणार होतं.

शुक्रवारी आणि शनिवारी मॅडमनी गावभर पायपीट केली. समारंभाच्या हॉलचं छत पाच मीटरवर. सिनेमागृहाची जमीन उतरती. शाळेच्या सभागृहात बरोबर मधोमध खांब, तिथले मुख्याध्यापक म्हणाले, "खांबाला वळसा घालून नाही का खेळता येणार?" शनिवारी संध्याकाळी मॅडम प्रयोगशाळेत परतल्या तेव्हा सगळ्या जिला चिमणी म्हणत ती मुलगी आपले बूट न्यायला आली होती. चिमणी संघातली सगळ्यांत बुटकी, आणि सेटर. म्हणजे दुसरीने स्मॅश मारावा म्हणून नेटजवळ चेंडू उंच उचलून देणारी.

"मॅडम, बाबांचं गोदाम बघता?"

"कसलं गोदाम?"

"कागदाचं. छापखान्याचं. बाबा तिथे फोर्कलिफ्ट चालवतात. छत इतकं उंच आहे ना, लहानपणी मला वाटायचं तिथे ढग येत असतील."

रविवारी सकाळी दोघी गेल्या. आत वर्तमानपत्राच्या कागदाची रिळं, एकेक माणसाच्या छातीइतकं उंच, एकावर एक रचलेली. रिळांच्या दोन भिंतींमध्ये बोललं की शब्द तिथेच विरून जात होता. चिमणीचे बाबा फोर्कलिफ्टवरून खाली उतरले. मुलीइतकेच बुटके, आणि हात मात्र त्यांच्या दुप्पट आकाराच्या माणसाचे.

"उंची हवीय ना? पाच-पाच रिळं चढवतो मी एकावर एक. त्याच्याही वर जागा उरते."

"आणि पुराचं पाणी?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, कागद आहे हा. कागद ठेवणारा माणूस आधी जोतं उंच बांधतो, मग भिंती."

"व्यवस्थापक हो म्हणतील?"

"विचारलंय. आठ दिवसांनी, सोमवारी, नवा माल येतोय, तोवर अर्धं गोदाम रिकामं करून देतो म्हणाले. रिळं मी हलवीन, माझ्या सुट्टीत. पण माझी एक अट आहे." त्यांनी मुलीकडे बोट केलं. "हिने मला मॅच बघू द्यायची."

"बाबा!"

"तीन वर्षं झाली. म्हणते, बाबा, तुम्ही आलात की माझे हात थरथरतात. अरे, मी काय वाघ आहे?"

"तुम्ही मधेच सल्ले देता."

"एकदा दिला होता."

"पंचांना दिला होता!"

मॅडमनी पिशवीतून सेक्स्टंट काढला. प्रयोगशाळेत मुलं त्याने भिंतीची उंची काढतात. जमिनीवर दोन जागा ठरवून त्यांनी छताखालच्या लोखंडी तुळईचे कोन घेतले, वहीत भागाकार केला आणि पुन्हा एकदा केला. सात मीटर चाळीस सेंटीमीटर.

"चालेल," त्या म्हणाल्या. चिमणी एवढ्या जोरात ओरडली की कागदालाही तो आवाज गिळता आला नाही.

सिमेंटवर अंथरायला रबराची मॅट हवी होती. ती मामांना आठवली. लाकडी जमीन घालण्याआधी क्रीडागृहात हीच मॅट असे. नंतर तिच्या गुंडाळ्या माळ्यावर गेल्या, म्हणून पुराच्या तावडीतून सुटल्या. एकेका गुंडाळीला सहा-सहा मुली लागल्या.

"मामा, ही मॅट माझ्या वयाची असेल," कॅप्टन धापा टाकत म्हणाली. शेवटच्या वर्षाची, संघातली सगळ्यांत उंच.

"तुझ्याहून मोठी आहे. जरा मान देऊन उचल."

मंगळवारी दुपारी मैदान उभं राहिलं. मॅट धुतलेली, रेषा आखलेल्या. मामांनी दोन्ही खांब सिमेंटवर बोल्ट ठोकून बसवले, त्यांच्या बुडाभोवती मॅट कापून चपखल बसवली आणि नेट वर नेलं. लाल खुणेला लागताच दांडा थांबला. मामांनी हात झटकले. मॅडम तपासणीचा फॉर्म भरत होत्या. एका रकान्यात नेटची उंची होती, आणि महिलांच्या नेटची उंची तर पाठच होती: दोन मीटर चोवीस सेंटीमीटर. पेन कागदाला टेकलंही. तेवढ्यात त्यांना आपल्याच वर्गातला आपला आवाज ऐकू आला. न मोजता आकडा लिहिणाऱ्याची वही त्या परत करत असत.

त्या उठल्या, प्रयोगशाळेतली स्टीलची गुंडाळता येणारी पट्टी घेतली आणि नेटच्या मध्याला लावली. दोन मीटर अठ्ठावीस सेंटीमीटर आणि चार मिलिमीटर.

पट्टी वाकली असेल म्हणून पुन्हा मोजलं. तेवढंच. डाव्या टोकाला, उजव्या टोकाला मोजलं. तेवढंच. चार सेंटीमीटर चार मिलिमीटर जास्त. मॅट सहा मिलिमीटर जाड होती. ती नसती तर फरक बरोबर पाच सेंटीमीटर आला असता. मॅडम त्या आकड्याकडे बघत राहिल्या. निष्काळजीपणाने झालेली चूक इतकी नेमकी नसते. ही कुणीतरी काळजीपूर्वक, मोजूनमापून केलेली होती.

"मामा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "लाकडी जमीन घातली तेव्हा ती किती जाड होती?"

"पाच सेंटीमीटर. मी स्वतः मोजली होती. जमीन पाचने वर येणार म्हटल्यावर मी खूणही पाचने वर घेतली. नाहीतर नेट बुटकं झालं असतं ना?"

"आणि खांब? जमीन घालताना ते काढले होते?"

"काढले. मग परत बसवले."

"कशावर? खालच्या जुन्या सिमेंटवर, की लाकडावर?"

"लाकडावर," मामा म्हणाले आणि मान वर करून खुणेकडे पाहू लागले. खांब स्वतःच पाच सेंटीमीटर वर आले होते, आणि खूण त्यांच्यावर आणखी पाच.

त्यांनी हात पुढे केला. मॅडमनी पट्टी दिली. मामांनी मोजलं, खिशातून चष्मा काढला, पुन्हा मोजलं. मग पट्टी नीट गुंडाळून परत दिली आणि गोदामाच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मॅडम थोड्या वेळाने त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"अकरा वर्षं पंचांना नावं ठेवली मी," मामा म्हणाले. "काठी झिजली म्हणालो. अहो, लोखंडी काठी!"

"मामा, दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना सांगते, उपकरण हातात घेतलं की आधी त्याचं शून्य तपासा. शून्यच चुकलं असेल तर पुढची सगळी मापं नेमाने चुकतात. आणि माझ्या डोळ्यांसमोर पाच वेळा पंचांनी नेट खाली घ्यायला लावलं. मी एकदाही मान वर करून विचारलं नाही, का म्हणून."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे चूक दोघांची?"

"दोघांची."

"मग पोरींना मी सांगतो. तुम्ही सांगितलंत तर त्यात गणित येईल."

त्यांनी मुलींना नेटखाली गोळा केलं आणि एका दमात सांगून टाकलं. सराव रोज चुकीच्या नेटवर झाला, चूक माझी, खूण माझी. कुणी हसलं नाही. कॅप्टनचा चेहरा लाल झाला होता.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "त्यातली दोन वर्षं आधीचे सर माझ्यावर ओरडायचे. चेंडू बाहेर जातोय, जोर कमी कर, जोर कमी कर. मी घरी जाऊन रडायचे, मामा."

"आता तू ओरड," मामा म्हणाले. "मी उभा आहे."

कॅप्टनने ओठ आवळले. ओरडण्याजोगं पुष्कळ होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. मग ती म्हणाली, "नको. आधी ते खाली घ्या. मला मारून बघायचंय."

"थांब, एक मिनिट," मॅडम म्हणाल्या.

"आलं गणित," मामा पुटपुटले, आणि तेव्हा मात्र सगळ्या हसल्या.

गणित एका दोरीचं होतं. कॅप्टनला नेटपासून मीटरभर मागे स्टुलावर उभं केलं, हात वर. तिच्या हातातून निघालेली दोरी नेटच्या वरून, चेंडूच्या निम्म्या जाडीइतकं अंतर राखून, ताणून सरळ पलीकडे जमिनीपर्यंत नेली. जिथे टेकली तिथे चिमणीने खडूने फुली मारली. शेवटच्या रेषेच्या अलीकडे जेमतेम एक मीटर. मग मामांनी नेट खाली घेतलं, नव्या मापाला, आणि दोरी पुन्हा ताणली. नवी फुली पहिलीच्या मीटरभर अलीकडे पडली.

"नेटपाशी पाच सेंटीमीटरसुद्धा नाहीत," मॅडम म्हणाल्या, "पण जमिनीवर एवढा फरक. उंच नेटवर चेंडू खाली ठोकताच येत नव्हता. सपाट, लांब मारणं हाच एक मार्ग होता, आणि तुमच्या हातांना तीच सवय लागली. सामन्यात पंच नेट खाली घ्यायचे, पण हात सवयीनेच मारायचे. तुमचा जोर कधीच जास्त नव्हता."

चिमणी दोन फुल्यांच्या मध्ये आडवी झोपली. गुडघ्यांत पाय दुमडावे लागले, पण मावली. "इथे आजवर कुणीच पडलं नव्हतं," ती छताकडे बघत म्हणाली.

"उठ आणि चेंडू दे," कॅप्टन म्हणाली.

चिमणीने चेंडू उचलून दिला. कॅप्टन उडाली; तीन वर्षं जास्त उंच नेटसाठी उडत आलेली मुलगी, नेटच्या कितीतरी वर. चेंडू मैदानाच्या बरोबर मधे आदळला, उसळला आणि मागच्या रिळावर जाऊन धप्प करून पडला. कॅप्टनने आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"परत," ती म्हणाली.

बुधवारी निरीक्षक आले. छताला त्यांनी लेसर लावला: सात मीटर एकोणचाळीस. मॅडमनी वहीतल्या चाळीसच्या आकड्यापुढे बारीकशी बरोबरची खूण केली. रेषा झाल्या, मोकळी जागा झाली. मग निरीक्षकांनी लोखंडी काठी नेटखाली उभी केली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच, पहिल्या मापालाच, काठीचा माथा आणि नेटची कड एका रेषेत आली.

"बरोबर," निरीक्षक म्हणाले.

मामांना राहवलं नाही. "काठी नवी आणलीत वाटतं?"

"नाही हो. तीच, जुनी."

मागे नऊ मुलींनी एकदम खोकल्याचं सोंग केलं.

शनिवारचा सामना त्या हरल्या.

मॅडमनी हे मनाशी धरलं होतं, तरी लागायचं ते लागलंच. नेट चार दिवसांपूर्वी खाली आलं होतं, हात अजून वरच होते. पहिले दोन सेट गेले, पुढचे दोन त्यांनी खेचून आणले, आणि पाचवा तेरा-पंधरा असा निसटला. मुली रिळांना टेकून बसल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आता एकच सामना उरला होता. तो गेला तर संघही गेला.

मॅडमना उत्साहाची भाषणं येत नसत. त्यांनी पिशवीतून आलेखाचे कागद काढले आणि मुलींच्या पुढ्यात जमिनीवर मांडले. आजवर ते त्यांनी कुणालाच दाखवले नव्हते.

"हे आधीच्या बारा सामन्यांचे ठिपके," त्या म्हणाल्या. "हा आजचा पहिला सेट. हा तिसरा. आणि हा पाचवा."

मुली गुडघ्यांवर रांगत जवळ आल्या. पाचव्या सेटच्या कागदावर शेवटची रेषा मोकळी होती. ठिपके सगळे पुढे, मधल्या कोऱ्या भागात उतरले होते.

"एकही बाहेर नाही?" कॅप्टनने विचारलं.

"एकही नाही. सेट गेला तो सर्व्हिस चुकल्यामुळे. चार सर्व्हिस. त्यातल्या दोन तुझ्या."

"मॅडम, दिलासा देताय की ओरडताय?"

"मोजतेय," मॅडम म्हणाल्या.

रविवारी गोदाम भरलं. छापखान्यातली माणसं शाईच्या हातांनी आली, घरच्यांना घेऊन आली, आणि चिमणीच्या बाबांनी पायऱ्यांसारख्या रचून दिलेल्या रिळांवर बसली. कागद आवाज पिऊन टाकत होता, म्हणून जो तो दुप्पट ओरडत होता. प्राचार्यही आले होते. त्यांना बसायला मिळालेलं रीळ जरा डुगडुगत होतं, पण कटकट नको म्हणून ते काही बोलले नाहीत.

चिमणीचे बाबा फोर्कलिफ्टच्या सीटवर बसले होते. सामना सुरू झाला, आणि पहिल्याच चेंडूला चिमणीची बोटं अडखळली. पंचांनी शिट्टी वाजवली. दुसऱ्यालाही तेच. तिने चोरून फोर्कलिफ्टकडे पाहिलं. बाबांनी ते पाहिलं. ते उठले, सीटवर उलटे बसले आणि सगळ्या मैदानाकडे पाठ करून समोरच्या रिळांच्या भिंतीकडे बघू लागले.

"अहो, मॅच इकडे आहे!" शेजारचा म्हणाला.

"मला ऐकू येतंय," बाबा म्हणाले. "तुम्ही फक्त सांगत राहा."

तिथून चिमणीची बोटं सुटली. ती कधी पुढे, कधी मागे, कधी मान न वळवता चेंडू देत गेली, आणि कॅप्टन आणि बाकीच्या वरून खाली ठोकत गेल्या. समोरचा संघ शेवटच्या रेषेपाशी दबा धरून उभा होता. ह्या कॉलेजच्या मुली लांब मारतात, हे लीगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. चेंडू त्यांच्या पुढ्यात दोन-दोन मीटरवर पडत होते. पहिला सेट पंचवीस-एकोणीस. दुसऱ्यात समोरच्या पुढे सरकून उभ्या राहिल्या. तो त्यांनी घेतला. तिसऱ्यात कॅप्टनने पाहिलं की आता मागची जागा मोकळी आहे, आणि मुद्दाम तिथे मारलं. लांब मारणं तर तिला झोपेतही येत होतं. पंचवीस-बावीस.

चौथा सेट चोवीस-तेवीस. एक गुण हवा होता. मॅडमची पेन्सिल कागदावर टेकून राहिली होती. मामा त्यांच्या खुर्चीमागे उभे होते आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून होते.

चिमणी नेटपाशी जागेवर उभी राहिली. तिने मान वळवली.

"बाबा!" ती ओरडली. "वळा!"

बाबांनी आधी शेजाऱ्याकडे पाहिलं, आपल्यालाच म्हणाली का ह्याची खात्री करायला. मग ते वळले.

समोरून सर्व्हिस आली. मागच्या मुलीने ती कशीबशी उचलली. चेंडू नेटपासून दूर, वाकडा गेला. चिमणी पळाली, जवळजवळ घसरत पोचली आणि दहा बोटांनी चेंडू वर लोटला. उंच, सरळ, थरथर न होता. तो तुळईखालून खाली यायला लागला तेव्हा कॅप्टन आधीच हवेत होती. समोरच्या दोघींनी हात वर केले. ती त्यांच्याही वर होती. चेंडू मैदानाच्या मधोमध आदळला, आणि त्याच्याजवळ कुणीही नव्हतं.

कागदाने तो आवाज पिण्याचा प्रयत्न केला असेल. जमलं नाही. बाबा फोर्कलिफ्टचा भोंगा वाजवत होते. प्राचार्यांचं रीळ अखेर घरंगळलं आणि ते छापखान्याच्या माणसांच्या मांडीवर जाऊन पडले. तरी टाळ्या वाजवतच होते. नऊ मुलींचा एक ढीग झाला होता आणि सगळ्यांत खालून चिमणीचा आवाज येत होता, "मला श्वास घेऊ द्या गं!"

मॅडमनी ठिपका दिला. तो जरा मोठा पडला. त्यांनी तो तसाच ठेवला.

तासाभराने गर्दी गेली. बाबा रिळं जागेवर नेऊ लागले, मुली मॅट गुंडाळू लागल्या, ह्या वेळी आपणहून मान देऊन. मामांनी मंगळवारीच जुनी खूण पत्र्याने खरवडून काढली होती. नवी लावली नव्हती. नेट धाग्याच्या गाठीवर अडवून पाच दिवस काढले होते. आता त्यांनी पिशवीतून लाल रंगाचा छोटा डबा आणि ब्रश काढला.

"संघ राहिला," ते म्हणाले, "आता लावतो. मॅडम, धरा पट्टी. खांबाच्या बुडापासून धरा. आणि क्रीडागृहात नवी जमीन घालतील तेव्हा मी खुणेला हात लावणार नाही. आधी खांब कशावर बसतायत ते बघणार."

मॅडम गुडघ्यांवर बसल्या, पट्टीचं शून्य खांबाच्या बुडाला टेकवलं. मामांनी वरचा आकडा वाचला. ब्रश रंगात बुडवला, उचलला आणि तसाच हवेत धरून ठेवला.

"पुन्हा मोजू या का?"

"मोजू या," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी तीनदा मोजलं. मग मामांनी एका झटक्यात, हात न कापता, रेघ ओढली.